मधलं कपाट

१

दुपारची भांडी घासून झाली की थर्झा हात पुसायची, उन्हाच्या बाजूचा पडदा ओढायची आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आईची डायरी घेऊन बसायची. एक ओळ मोठ्याने वाचायची, मग टाकाने उतरवायची. पुन्हा एक ओळ, पुन्हा टाक. शाळा जेमतेम चौथीपर्यंत झालेली. मनातल्या मनात वाचलेलं तिला वाचल्यासारखं वाटतच नसे.

घर दोन दारांचं होतं. बापाला दोन बायका, म्हणून समोरून पाहिलं तर दोन दारं, दोन खिडक्या, दोन धुराडी, आणि मधोमध कच्च्या विटांची एक जाड भिंत. कॉटनवुड बेंच गावात तेव्हा अशी आणखी तीन घरं होती. एकीला जास्त, एकीला कमी असं कुणी म्हणू नये म्हणून बापाने दोरी धरून इंच न् इंच मोजून बांधलेलं. भिंतीत फरक केला नाही. माणसांत केला तो केलाच.

त्या भिंतीत, चुलीशेजारी, एक कपाट होतं. हातभर रुंद, दोन्ही घरांना सामाईक. इकडून एक झडप, तिकडून एक झडप, दोन्हींना आपापली कडी. खमिराची वाटी, सुई, अर्धा पाव असं काही द्यायचं घ्यायचं असलं की चमच्याने झडपेवर तीनदा ठोकायचं. आता पलीकडचं अर्धं घर अकरा वर्षं बंद होतं. मोठी मावशी, म्हणजे बापाची पहिली बायको केझाया, गेली तेव्हापासून त्याची किल्ली तिची मुलगी लोविना हिच्याकडे.

आद्यकन्या मंडळ गावाच्या साठाव्या वर्षाचं पुस्तक काढत होतं. रेल्वे यायच्या आधी जी माणसं चालत, बैलगाडीने, हातगाड्या ओढत या वाळवंटात आली, त्यांच्या जीवनकथा. लेकींनी डायरीवरून लिहायच्या, मंडळापुढे वाचायच्या, हात वर झाले की पुस्तकात. थर्झाची आई डोर्थिया नऊ वर्षांची असताना डेन्मार्कहून आलेली. हजार मैल आपल्या बापाच्या हातगाडीमागे चालली, पायाला सतरंजीचे तुकडे बांधून. पण गावाने तिला काय ठेवलं? थर्झाच्या बापाच्या थडग्यावर दोन नावं आहेत, ऑर्सन आणि केझाया. डोर्थिया कुंपणाशी, लसूणघासाच्या शेताला लागून. तिची पाटी लाकडाची. दर पाण्याच्या पाळीला चिखल उडून उडून तिच्यावरची अक्षरं कधीच गेली.

म्हणजे आता राहिलं ते पुस्तक. पुस्तकात नाव आलं तर आई होती. नाही आलं तर नव्हती. थर्झा त्रेपन्न वर्षांची झाली होती आणि एवढी एक गोष्ट तिला करायची होती.

२

लोविना मंडळाची अध्यक्ष होती. थर्झाहून तीन वर्षांनी मोठी, बाप एक, आई वेगळी. चर्चशेजारच्या विटांच्या नव्या घरात राहायची आणि जिथे जाईल तिथे तिच्या आधी तिचा दम लागलेला आवाज पोचायचा.

"झालं का तुझं?" ती खुर्चीत बसत म्हणाली. "टंकणारी बाई माझ्या डोक्यावर बसलीय."

"पन्नास पानं झाली."

"पन्नास? भगिनी आर्मिंडाने तिच्या आजीचं आठ पानांत उरकलं. आणि तिच्या आजीची तीन बोटं बर्फात गेली होती."

"बोटं गेली म्हणूनच पानं कमी."

लोविना हसली नाही. तिने नाकावर चष्मा चढवला आणि उतरवलेली पानं चाळली. मधेच थांबली. "हे काय? 'आज कॉफी केली. दार लावून प्यायले. देव मला क्षमा करील, तोही थंडीत चालला असता तर प्यायला असता.' कॉफी चर्चला वर्ज्य, आणि हे वाचणार तू मंडळापुढे?"

"लिहिलंय आईने."

"लिहिलं असेल. लोक पुष्कळ काही लिहितात. ते काढ. हे बघ, हेही काढ, 'केझायाच्या बाजूला ऑर्सन दोन आठवडे, माझ्या बाजूला चार दिवस.' आणि हे, माझ्या आईला म्हटलंय... वाचवत नाही मला."

"घोडतोंडी," थर्झा म्हणाली. "अक्षर स्पष्ट आहे."

"थर्झा." लोविनाने चष्मा काढला. "तुला तिचं नाव पुस्तकात हवंय ना? मग मंडळाला काय हवंय ते दे. दोघी एका छपराखाली बहिणींसारख्या राहिल्या. कधी शब्दाला शब्द लागला नाही. एवढं एक वाक्य घाल. बाकीच्या सगळ्याजणींनी घातलंय."

"सगळ्यांच्या आया खोटारड्या होत्या म्हणायच्या."

"सगळ्यांच्या आया पुस्तकात आहेत," लोविना म्हणाली आणि उठली. जाता जाता तिने वाचनाची तारीख सांगितली. पुढच्या महिन्यात पाळी थर्झाच्या घरची होती.

थर्झा कुणाची भीड ठेवणारी नव्हती. बिशपला तोंडावर 'तुमची गाय माझ्या शेतात' म्हणणारी बाई. पण त्या दिवशी ती बराच वेळ डायरीकडे बघत बसली, आणि मग नवा कोरा कागद घेऊन पहिल्यापासून सुरू केलं.

३

दुसऱ्या दिवशी ती कॉफीच्या ओळीपाशी आली. आधीची ओळ उतरवली, टाक उचलला आणि कॉफीवरून उडी मारून पुढचा शब्द शोधू लागली.

टाकाचा आवाज चालूच होता.

थर्झाने आपल्या हाताकडे पाहिलं. हात हवेत होता. निब दौतीच्या वर, कागदापासून वीतभर लांब. तरी खरखर ऐकू येत होती, अगदी टाकाचीच. एक शब्द, उचल. एक शब्द, उचल. कपाटाच्या बाजूने येत होती. मग थांबली.

उंदीर, ती स्वतःशी म्हणाली. उंदीरच असणार, कपाटात कित्येक वर्षं कुणी हात घातलेला नाही. तिने पुढची ओळ वाचली, उतरवली. पलीकडे शांत. आणखी चार ओळी. शांत. मग वडिलांचे दोन आठवडे आणि आईचे चार दिवस आले. तिने ते सोडलं.

खरखर. एक शब्द, उचल. आणि शेवटी एक लांब रेघ ओढल्यासारखी. आई वाक्य संपलं की खाली रेघ ओढायची. इतकी जोरात, की डायरीचा मागचा कागद चिरायचा.

थर्झाने टाक खाली ठेवला. उठून कपाटाची कडी पाहिली. लागलेली होती. तिने ती उघडली नाही. उंदरांना घर मोकळं कशाला करून द्या, असं ती म्हणाली, मोठ्याने म्हणाली.

४

ती भ्यायची बाई नव्हती, म्हणून तिने परीक्षा घेतली. तीन दुपारी. सगळं जसंच्या तसं उतरवलं की पलीकडे काही नाही. वगळलं की खरखर. छोटं वगळलं तर छोटी, मोठं वगळलं तर मोठी. 'घोडतोंडी' हा एकच शब्द वगळला तेव्हा एकच शब्द. द्राक्षाचा वेल भिंतीला घासत असेल म्हणून बाहेर जाऊन तिने तो बुडापासून कापला. मग वारा नसलेल्या दुपारी बसली. वेलाला वाचता येत नाही, वगळलेलं कळत नाही, हे तिला वेल कापायच्या आधीच ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी ती लोविनाकडे किल्ली मागायला गेली.

"कशाला?"

"उंदीर झालेत तुझ्या बाजूला. माझ्याकडे येतात."

"माझ्या बाजूचे उंदीर," लोविना पायात बूट घालत म्हणाली. "आईची लेक शोभतेस. ती पण म्हणायची, केझायाच्या बाजूच्या माशा."

दोघी मिळून ते दार उघडून आत गेल्या. सगळं थर्झाच्या घरासारखंच, फक्त उलटं. चूल डावीकडे असायची ती उजवीकडे. खिडकी तिथे भिंत. आरशात आपल्याच घरात शिरल्यासारखं झालं तिला. टेबलावर, खुर्चीवर, जमिनीवर सगळीकडे सारखी धूळ. उंदराची एक लेंडी नाही.

लोविनाने नाक वर केलं. "कॉफी केलीस तू?"

"कुठे?"

"इथे. वास येत नाही तुला?" ती वळली. तिचा चेहरा लाल झाला होता. "माझ्या आईच्या घरात येऊन कॉफी पितेस होय? किल्ली कुठून केलीस दुसरी?"

थर्झाला वास येत होता. दार उघडल्यापासून येत होता. पण ती जमिनीकडे बघत होती. कपाटाच्या झडपेखाली, भिंतीला लागून, तेवढ्यात धूळ नव्हती. गुडघे मुडपून भिंतीला पाठ लावून कुणी बसलं तर जेवढी जागा लागेल तेवढी. आणि तिथपर्यंत येणारं एकही पाऊल धुळीत नव्हतं.

लोविनाही तिकडे बघायला लागली, पण तिला दुसरंच आठवलं असावं. तिचा आवाज उतरला.

"इथे उभी होते मी. झायना गेली त्या दिवशी. आठवतं तुला? तू लहान होतीस."

झायना म्हणजे लोविनाची धाकटी बहीण, चार वर्षांची. घटसर्पाने गेली. एवढंच थर्झाला माहीत होतं.

"वडील डोंगरात लपलेले. दोन बायका करणाऱ्यांना सरकारी शिपाई पकडून नेत होते ना तेव्हा. चर्चमधले सगळेच पुरुष पळालेले. आजाऱ्याच्या कपाळाला लावायचं आशीर्वादाचं तेल वडील तुमच्या बाजूला ठेवून गेले होते. आईने या झडपेवर चमच्याने ठोकलं. किती तरी वेळ. मग चमचा खाली ठेवला आणि मला म्हणाली, पलीकडे कोणी नाही, गेल्या असतील गिरणीवाल्यांकडे. तेल न लावताच गेली झायना." तिने एप्रनच्या टोकाने चष्मा पुसला. "तेलाने वाचली असती असं मी म्हणत नाही. पण आईने शेवटपर्यंत ते एकच म्हटलं. लेकरू कोरडं गेलं."

थर्झाने लहानपणापासून याच्या उलट ऐकलं होतं. कपाट बंद केलं ते मावशीने, त्या हिवाळ्यापासून कधी उघडलं नाही, मावशीचं मन तसलंच. आईने ते इतक्यांदा सांगितलं होतं, की थर्झाला मावशीचा हात कडी लावताना दिसायचा.

"नव्हतो आम्ही घरी," ती म्हणाली. तिला ते आठवत नव्हतं. पण ती म्हणाली.

५

घरी येऊन तिने डायरीतला तो जानेवारी काढला. दोन पानं एकमेकांना चिकटली होती. खळीने चिकटवली होती. तिने सुरीने सोडवली आणि सवयीप्रमाणे मोठ्याने वाचायला लागली.

'थर्झाचा घसा आला आहे. आतून पांढरा. पलीकडे झायनाचाही. केझाया ठोकते आहे. तिला तेल हवं आहे. झडप उघडली तर तिकडचं वारं इकडे येईल. तेल बोटभरच आहे. मी झडपेला पाठ लावून बसले. ती माझं नाव घेते आहे, आजवर कधी घेतलं नव्हतं. मी घरात नाही असं तिला वाटावं म्हणून श्वास धरला. थर्झाने मध्येच रडायला तोंड उघडलं तर मी तिच्या तोंडावर हात ठेवला. मग मनातल्या मनात माझ्या गावचं भजन म्हटलं. ठोकणं थांबलं तेव्हा मला बरं वाटलं. ते मी इथे लिहिते आहे. बरं वाटलं.'

खाली रेघ. कागद चिरलेला.

थर्झाला आठवलं. भजन नाही, शब्द नाहीत. आईच्या हाताचा वास, तेलाचा आणि राखेचा, आणि त्या हाताच्या आडून घेतलेला श्वास. म्हणजे बोटभर तेल तिला लागलं होतं. ती त्रेपन्न वर्षांची झाली होती आणि झायना चार.

आईला शिव्या द्याव्यात असं तिला वाटलं. मग तिच्या मनात आलं, माझ्या लेकीचा घसा पांढरा झाला असता तर मी उघडलं असतं का? तिने खरं उत्तर दिलं स्वतःला. त्याने आणखीच कडू झालं तोंड.

आणि हे वाचलं तर? लोविना समोर बसलेली असणार. एकही हात वर होणार नाही. आई पुस्तकात नाही, दगडावर नाही, फक्त कुंपणाशी. आणि गावाच्या तोंडी मात्र कायमची, लेकरू मारणारी म्हणून.

तिने टाक बुडवला आणि लिहिलं. 'दोघी एका छपराखाली बहिणींसारख्या राहिल्या. कधी शब्दाला शब्द लागला नाही.'

पलीकडे लगेच सुरू झालं. या वेळी थर्झा बसून राहिली, कान देऊन. एक शब्द, उचल. एक शब्द, उचल. चुलीतले निखारे विझले, पडद्यावरचं ऊन भिंतीवर गेलं, तरी चालू. ती डायरीतल्या ओळींवर बोट फिरवत गेली आणि आवाज तिच्या बोटाबरोबर चालला. मग शेवटची रेघ आली.

मग चमचा. तीनदा.

थर्झा हलली नाही. तिला उगाचच वाटत होतं, की आपण श्वास घेतला तर पलीकडे कळेल.

६

वाचनाला सतरा बायका आल्या. पुढची खोली पुरेना म्हणून स्वयंपाकघरातच खुर्च्या मांडल्या. बाहेर दुपारचं पांढरं ऊन, कालव्याला पाणी सुटलेलं. बायकांनी पीचच्या फोडी खाल्ल्या, मुरंब्याला साखर जास्त झाली म्हणून एकमेकींना सांगितलं, आणि थर्झा उभी राहिली.

तिने चांगलं वाचलं. हातगाडीशी आल्यावर भगिनी आर्मिंडाने डोळे टिपले. सतरंजीच्या तुकड्यांशी आल्यावर आणखी तिघींनी. एकदाही कॉफी आली नाही, एकदाही कुणाचं तोंड घोड्याचं झालं नाही. आई गोड होत गेली, बारीक होत गेली, कुणाच्याही आईसारखी झाली. थर्झाला वाचता वाचता वाटलं, ही कोण बाई आहे?

मग ते वाक्य आलं. दोघी एका छपराखाली. तिने ते वाचलं आणि लोविनाने मान हलवली, डोळे मिटून, जणू तिला कुणी गरम पाण्याने पाय धुऊन देत होतं.

टक. टक. टक.

"काय ते?" आर्मिंडा म्हणाली.

थर्झा कपाटापासून दोन पावलांवर होती. वळून तिने पाहिलं. कडी निघालेली होती. झडप आतून हलकेच ढकलली गेली, बोटभर उघडली, आणि त्या फटीत चार बोटं आली. सुरकुतलेली, पेरापर्यंत शाईने काळी. पकडलेलं काही तरी त्यांच्यात चकाकत होतं, तेलाच्या बाटलीच्या काचेसारखं. खुर्च्यांवरून ते दिसणार नव्हतं, मधे थर्झा होती. आणि फटीतून आवाज आला, फक्त तिला ऐकू जाईल एवढाच. शेवटच्या दिवसापर्यंत जिला लेकीचं नाव इथल्या लोकांसारखं म्हणता आलं नाही, तिचा.

"तिर्सा. उघड."

बारा वर्षांत तिने तो आवाज ऐकला नव्हता. तिला तो किती हवा होता हे तिला आता कळलं. हात लांब केला असता तर पुरला असता.

"थर्झा?" लोविना खुर्चीतून अर्धी उठली होती. तिचा चेहरा विचित्र झाला होता, एकदम नऊ वर्षांचा. "चमच्याचा आवाज होता तो. पलीकडे कोण आहे?"

सतरा बायका तिच्याकडे बघत होत्या. हात अजून कुणाचा वर झालेला नव्हता.

थर्झाने पाठ फिरवली आणि झडपेला लावली. सगळं वजन टाकून. मधे काही तरी होतं, मऊ, मग टणक, आणि ती तरीही रेटत राहिली. मागे हात नेऊन तिने चाचपडत कडी घातली.

"पलीकडे कोणी नाही," ती म्हणाली.

मग तिने तोंड उघडलं आणि गायला लागली. कुठलं भजन ते तिला सुरुवातीला कळलंच नाही. चाल डेन्मार्कची होती, शब्द तिला येत नव्हते, पण चाल सगळ्यांच्या ओळखीची होती आणि बायकांनी इथले शब्द घालून ती उचलली. लोविना परत खुर्चीत बसली. सगळ्यांत मोठ्याने तीच म्हणत होती, रडत रडत. गाता गाताच आर्मिंडाने हात वर केला, मग शेजारचीने, मग सगळ्यांनी.

सतरा हात. आई पुस्तकात आली.

भजन संपत आलं तशी थर्झाने आवाज आणखी चढवला आणि पहिल्या कडव्याला परत गेली, कारण पाठीला लागत होतं, चमच्याचं, ठेक्याला धरून, तीन, आणि पुन्हा तीन, आणि ते थांबत नव्हतं.